महालक्ष्म्यांचा झिरझिरीत पडदा

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी धाकट्या जावेचा नागपूरहून फोन आला, तेव्हा मी खाटेच्या रिकाम्या चौकटीवर ऑर्गंझाचं झिरझिरीत कापड ताणून बसले होते. हात रंगाचे होते म्हणून फोन स्पीकरवर टाकला आणि ब्रश चालूच ठेवला.

"ताई, यंदा महालक्ष्म्या तुमच्याकडंच करू," ती म्हणाली. "पण पुढच्या सालापासून आमच्याकडं आणावं म्हणून राह्यले हे. नवा फ्लॅट मोठा आहे ना. आन् तुमाले एकटीले किती तरास होते, आमाले काय समजत नाई काय?"

मी "बरं, पाहू" म्हणाले. तिने तब्येत विचारली, मी ऊन विचारलं, फोन संपला. मग लक्षात आलं की ब्रश मी कापडावर टेकवूनच ठेवला होता. दोडक्याच्या पिवळ्या फुलाचा पसरून पार अंड्याचा बलक झाला होता.

ज्यांना इतर ठिकाणी गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. पितळी मुखवट्यांच्या दोघी बहिणी. भाद्रपदात येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. त्या येतात थोरल्या घरी आणि बाकी सगळी घरं त्यांच्यामागे येतात. थोरलं घर म्हणजे माझं. एरवी माझ्या दाराची बेल वाजवणारे म्हणजे दूधवाला, सिलिंडरवाला, आणि "काकू, तुमच्याकडे नळ आले काय?" असं विचारणारी शेजारीण. त्या तीन दिवसांत मात्र दारात चपला ठेवायला जागा उरत नाही, न्हाणीघरापुढे रांग लागते, आणि माझ्या पलंगावर कोणाची तरी पोरं आडवी-उभी झोपलेली असतात. महालक्ष्म्या नागपूरला गेल्या की माणसं नागपूरला जाणार, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. देवी जाणार याचं मला दुःख झालं असं कोणाला वाटलं असेल तर वाटू द्यावं. मला दुःख माणसं जाण्याचं होतं.

यजमान गेल्यापासून पूजेला दीर-जाऊ बसत. पूजेला जोडी लागते. सोळा भाज्यांच्या स्वयंपाकाला मात्र जोडी लागत नाही, तो मी एकटी करत होते, आणि त्याबद्दल कोणाची हरकत नव्हती.

आमचं आर्वीला कापडाचं दुकान होतं. ते आवरून आम्ही वर्ध्याला लागून बोरगाव मेघेला घर बांधलं, तेव्हा जे कापड कोणीच घेईना ते घरी आलं. त्यात ऑर्गंझाचे ठाण होते. यजमानांनी मोठ्या हौसेने फॅशन म्हणून मागवले होते. आर्वीच्या बायांनी ते बोटांत धरायचे, उजेडापुढे करायचे आणि पुन्हा गल्ल्यावर ठेवायचे. एक बाई तर तोंडावर म्हणाली होती, "अंगावर घातलं काय आन् नाई घातलं काय, सारखंच हाय हे!" यजमान तेव्हा चिडले होते. मी गल्ल्यामागे तोंडाला पदर लावून हसले होते.

ते गेल्यावर पहिला उन्हाळा मी टीव्हीपुढे काढला. मुलगा बंगलोरला, त्याचा फोन रविवारी. तो विचारायचा, "आई, दिवसभर काय करतेस?" आणि मला उत्तर देता यायचं नाही. एक दिवस नुसतं सांगायला काहीतरी असावं म्हणून मी ठाण उलगडला. मोबाइलवर पाहून पाहून शिकले. नवार काढलेल्या खाटेच्या चौकटीवर कापड टाचण्यांनी ताणायचं, घट्ट रंगाच्या ट्यूबने बाहेरची रेघ काढायची, ती वाळली की फॅब्रिक कलर पाण्यात पातळ करून आत सोडायचा. रेघ कुठे जरा जरी तुटलेली राहिली की तेवढ्याच फटीतून रंग पळतो. मी त्याला मोठ्याने शिव्या द्यायचे. घरात दुसरं कोणी नव्हतंच ज्याला देता येतील.

आमच्या मे महिन्यात एक वेगळीच पंचाईत. ब्रश एका पाकळीवरून दुसरीकडे जाईतो पहिली वाळून कडक. दोन रंग एकमेकांत मिसळायला ओले भेटायला हवेत, ते भेटतच नाहीत. शेवटी मी चौकट कूलरच्या समोर लावली. खसच्या दमट वाऱ्यात रंग ओला राहू लागला, पण वाऱ्याने कापड फुगायचं, म्हणून टाचण्या दुप्पट. सकाळी कूलरमध्ये पाणी भरायचं, दारं लावायची, आणि उन्हं उतरेपर्यंत त्या घरघरीत बसायचं. त्या आवाजात बेल वाजली तरी ऐकू येत नाही असं मी लोकांना सांगे. खरं म्हणजे ती वाजत नव्हती.

कापड वाळलं की उलट्या बाजूने इस्त्री करायची, मग घडी. झिरझिरीत कापडाची घडी एकट्याने होत नाही. ते सळसळत हातातून निसटतं, एक टोक धरावं तर दुसरं जमिनीवर. त्याला समोर माणूस लागतो. मी दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधायचे आणि गजाकडे चालत जायचे.

फोननंतर दोन-तीन दिवस मी कशालाच हात लावला नाही. नुसती धुसफुसत होते. मग ठरवलं की यंदा महालक्ष्म्यांपुढचा पडदा मी रंगवायचा.

जेवणाच्या दिवशी दिवेलागणीला नैवेद्याची ताटं मांडली की त्यांच्यापुढे पडदा ओढतात आणि घरातले सगळे बाहेर येऊन गप्प बसतात. त्या जेवत असताना बघायचं नाही. थोड्या वेळाने टाळी वाजवून पडदा उघडायचा, मग आपली पंगत. आमच्याकडे त्यासाठी सासूबाईंचा मरून सॅटिनचा पडदा होता. त्याला उंदरांनी खालून झालर केली होती. मला असा पडदा करायचा होता की तो बघून दीर म्हणतील, "वहिनी, आपल्या महालक्ष्म्या इथंच शोभतात." आता लिहिताना हसू येतं. पण चार महिने मी ह्याच एका वाक्यावर काढले. ते वाक्य भाऊजींच्या आवाजात ऐकायची आणि त्याला माझं उत्तरही तयार असायचं, "मी आहे तोवर इथंच राहू द्या."

पडद्याचे तीन थर केले. एकामागे एक, मध्ये बोटभर अंतर. सर्वांत मागच्या थरावर नुसती पानं, फिकी. मधल्यावर वेल आणि त्यांचे ताणे. पुढच्यावर फुलं आणि फळं. दोडका, कारलं, वाल, लाल भोपळा, काकडी, ज्या काही वेलांच्या भाज्या सोळांत पडतात त्या सगळ्या. तिन्ही थर एकत्र टांगले की मांडव तयार व्हायचा, आणि एकेकटा पाहिला तर अर्धवट काहीतरी. भोपळ्याच्या फुलाचा पिवळा मला जमायला सर्वांत जास्त वेळ लागला. तो जरा गडद झाला की प्लास्टिकचा दिसतो. अंगणात भोपळ्याचा एक वेल सोडला होता, त्याचं फूल सकाळी तोडून पाण्यात ठेवायचं आणि ते मिटायच्या आत रंग जुळवायचा. मुलाला फोटो पाठवले. त्याने अंगठा पाठवला.

श्रावणात पडदा तयार झाला. देवघराच्या दाराला टांगून मी हॉलमध्ये लांब जाऊन बघितला. दुपारचा उजेड खिडकीतून सरळ त्याच्यावर पडत होता. तिन्ही थर मिळून दाट मांडव, आतलं काहीसुद्धा दिसत नव्हतं. मी माझ्यावरच खूश झाले, चहा केला आणि पडद्यासमोर बसून प्याले. आत दिवा लावून बाहेर येऊन बघावं, हे मला सुचलंच नाही. सोबत कोणी असतं तर ते आत दिवा घेऊन उभं राहिलं असतं, मी बाहेरून ओरडले असते, आणि गोष्ट तिथेच संपली असती. एकटं काम करणाऱ्याला आपण उभे आहोत तीच बाजू खरी वाटते.

महालक्ष्म्या आल्या. घर भरलं. दीर-जाऊ, त्यांची मुलं, चुलत घरं, आणि रोहण्याहून आत्याबाई. ह्या यजमानांच्या आत्या. पाठीत वाकलेल्या, पण आवाज अजून शेताच्या दुसऱ्या धुऱ्यावर पोचेल असा. आल्या आल्या त्यांनी माझ्या हाताला धरून विचारलं, "काऊन वं, वाळून गेली तू? खात नाई काय?" मी म्हटलं, खाते की. पडदा मी कपाटात लपवून ठेवला होता. जेवणाच्या दिवशी सगळे मखर, फुलोरा, साड्यांच्या निऱ्या यांत गुंतलेले असताना मी तो हळूच टांगला आणि बाजूला सारून ठेवला. कोणाला दिसू दिला नाही.

संध्याकाळी नैवेद्य झाला. आत दोन समया, पुरणाचे दिवे, आणि भाऊजींनी आणलेल्या दिव्यांच्या माळा सगळीकडे. धाकटीने हॉलमधला ट्यूबलाइट बंद केला, फोटो चांगला येतो म्हणून. सगळे बाहेर येऊन सतरंजीवर बसले. मी पडदा ओढला.

 मागून आलेल्या उजेडाने सगळे वेल पेटल्यासारखे झाले, पानांमागची पानं दिसली, फुलं पुढे आली. दुपारच्या उन्हात मला दिसलं होतं त्याच्या दसपट सुंदर. कोणीतरी "वा!" म्हणालं आणि माझे डोळे भरून आले.

मग आत्याबाईंचा आवाज आला. "अवं माय! सारंच दिसून राह्यलं ना आतलं!"

आणि खरंच दिसत होतं. वेलांमधून दोन्ही मुखवटे, नथी, ताटं, वाट्या, कढीचा भगुणासुद्धा. दिवाळीत काच लावलेल्या मिठाईच्या दुकानासारखं सगळं लखलखत होतं.

"आपण असे टकमक पाह्यत बसलो त त्या जेवतीन कशा?" आत्याबाई म्हणाल्या.

पोरं खिदळायला लागली. धाकटी उठली, "आत्या, बेडशीट आणू काय? वरून टाकून देतो."

"बेडशीट? महालक्ष्मीपुढं बेडशीट लावतं काय कोणी? बस खाली!" आत्याबाईंनी हात फिरवला. "साऱ्यांनी तोंड तिकडं करा. भिंतीकडं. चला, पाठी फिरवा!"

सगळे फिरले. म्हातारी माणसं गुडघे धरत, बायका लुगडी सावरत, भाऊजी हसू दाबत. सगळं घर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून बसलं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी, सगळ्यांच्या मागे. माझे कान तापले होते. इतकी लाज मला लग्नानंतर पहिल्यांदा पोळी करपली तेव्हाही वाटली नव्हती. जन्मभर कापडाच्या दुकानात काढलेली बाई, आणि पडदा आरपार आहे हे तिला कळलं नाही.

सगळ्यांच्या पाठी होत्या म्हणून मी वळून बघितलं. बघायचं नसतं, पण बघितलं.

त्या दोघी भरलेल्या ताटांपुढे उभ्या होत्या. वाफ निघत होती. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं वाढलेलं, आणि घास घेणारं कोणी नाही. एवढ्या माणसांनी भरलेल्या घरात सगळ्यांची त्यांच्याकडे पाठ. मला एकदम माझं रोजचं जेवण आठवलं. छोट्या कुकरमधला भात, ओट्याशीच उभं राहून खाल्लेली भाजी, आणि आवाज असावा म्हणून लावलेला टीव्ही. ह्या निदान दोघी होत्या.

आणि मग मी पाठी बघितल्या. ही सगळी माणसं ह्यांच्यासाठी आली होती. मी चार महिने वेल रंगवून त्या माणसांना बांधून ठेवायला निघाले होते. सकाळपासून माझ्याशी कोण काय बोललं ते मी आठवून पाहिलं. ताई, मीठ कुठे आहे. काकू, चार्जर आहे काय. वहिनी, गरम पाणी. आत्याबाईंनी विचारलं होतं, खात नाई काय, तेवढं एक. महालक्ष्म्या माझ्याकडे येत होत्या म्हणून ही माणसं माझ्या घरात होती. माझ्याकडे कोणी आलेलं नव्हतं.

टाळी वाजली. पंगती झाल्या. पडद्याची थट्टा पंगतभर पुरली, आणि मीही हसून वाढत होते.

जेवणं आटोपल्यावर भाऊजी ओसरीवर सुपारी कातरत बसले. आत्याबाई शेजारी. मी पाणी ठेवायला गेले तर ते म्हणाले, "वहिनी, मंग काय ठरवलं तुम्ही? तुम्ही हो म्हणाल तरच नेतो. नाई त नाई." ते खरंच तसं म्हणत होते, त्यांच्यात कपट नाही.

आत्याबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "थोरली तू हायस. तुया मनात असन त दे. नाई त नोको देऊ. कोनी काई म्हननार नाई तुले."

उत्तर तर पाठ होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "न्या."

नंतर सगळे म्हणाले, किती मोठं मन. मन मोठं वगैरे काही नव्हतं. मला राग आला होता. देवी आहेत म्हणून माणसं येतात, तशी मला नको होती, आणि तशी नको तर कशी येणार हे मला माहीत नव्हतं. रागात माणूस हातचं फेकून देतो, तसं मी दिलं. भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते माझ्या पाया पडले. मी आत जाऊन भांडी घासायला घेतली. बाई उद्या येणार होती तरी.

तिसऱ्या दिवशी मुखवटे मऊ सुती लुगड्यांत गुंडाळून स्टीलच्या पिंपात ठेवले, ते गाडीच्या मागच्या सीटवर. धाकटी म्हणाली, "ताई, तो पडदाबी द्या ना. मी मागून जाड अस्तर लावून घेतो."

"अस्तर लावल्यावर त्यात राहिलं काय?" मी म्हणाले, आणि पडदा दिला नाही. तेवढा एक राग मी पुरवून घेतला. पडदा आता माझ्या खिडकीला आहे. संध्याकाळी दिवा लावला की रस्त्यावरून जाणाऱ्यांना आतली मी दिसत असणार. शेजारीण एकदा म्हणाली, "काकू, बाहेरून सारं दिसते बरं." मी म्हटलं, दिसू दे.

यंदा भाद्रपदात मी नागपूरला गेले. फ्लॅट खरंच मोठा आहे. देवघराला सरकतं लाकडी दार आहे. नैवेद्य झाला, दार सरकवलं, प्रश्न मिटला. मी सवयीने स्वयंपाकघराकडे निघाले तर धाकटीने खांद्याला धरून मला सोफ्यावर बसवलं. "ताई, तुम्ही बसा बरं निवांत. इतकी वर्षं तुम्हीच तर केलं. स्वयंपाकाला दोघी बाया आहेत." तिने ते प्रेमानेच म्हटलं. मी आत्याबाईंच्या शेजारी बसले. हातांना काही नव्हतं, म्हणून आलेल्या-गेलेल्यांकडे बघून हसत राहिले. सगळे भेटले. सगळ्यांनी विचारलं, "कशा आहात?" मी सगळ्यांना सांगितलं, मजेत.

जेवणाच्या दुसऱ्या दिवशी परगावच्या पाहुण्यांना पुरणपोळीचा डबा बांधून द्यायची आमच्याकडे रीत आहे. इतकी वर्षं ते डबे मी भरले. कोणाकडे खाणारी तोंडं किती, कोणाला साखर चालत नाही, कोणाचा प्रवास लांबचा, सगळं ध्यानात ठेवून. घरच्यांना डबा नसतो, घरचे उरलेलं खातात.

निघताना टेबलावर स्टीलचे डबे ओळीने मांडलेले होते. अदलाबदल होऊ नये म्हणून धाकटीने झाकणांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. अमरावती. रोहणा. हिंगणघाट. शेवटचा मी वाचला, वर्धा.

मी पर्स खांद्याला लावली आणि तो उचलला. पुरण अजून कोमट होतं. "डबा धुऊन पाठवते कोणाच्या तरी हाती," मी म्हणाले.

"काई घाई नाई ताई," धाकटी म्हणाली. "पुढच्या साली याल तवा आणजा."

म्हणजे तोवर डबा न्यायला कोणी येणार नव्हतं.